वाचकांचे प्रश्न : बर्फ फोडणाऱ्या जहाजाची पन्नाशी

गेल्या अंकात अंटार्क्टिकातील संशोधन केंद्रांना रसद कशी पोहोचते याविषयी लिहिताना अमेरिकी तटरक्षक दलाच्या ‘पोलर स्टार’ या बर्फफोड्या जहाजाचा उल्लेख दोन ओळींत आला होता. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच जहाजाला देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात आटोपते तेथे ते उगाच ताणलेले नाही.

प्रश्न : आपण ‘पोलर स्टार’ला लष्करी जहाज म्हटले आहे. तटरक्षक दल म्हणजे लष्कर कसे? आणि अंटार्क्टिकात लष्करी हालचालींना बंदी असताना हे जहाज तेथे दरवर्षी जाते कसे?

अमेरिकी कायद्याने तटरक्षक दल हे सशस्त्र दलांपैकी एक आहे, आणि ते केवळ युद्धकाळापुरते नव्हे, तर सदासर्वकाळ. गोंधळ होतो तो ते संरक्षण खात्याच्या अखत्यारीत नसल्यामुळे. १९६७ पर्यंत ते अर्थखात्याकडे होते, नंतर वाहतूक खात्याकडे गेले आणि २००३ पासून अंतर्गत सुरक्षा खात्याकडे आहे. ध्रुवीय बर्फफोडी जहाजे मात्र पूर्वी नौदलाकडेही असत. १९५५ मध्ये अंटार्क्टिकातील ‘ऑपरेशन डीप फ्रीझ’ ही मोहीम सुरू झाली ती नौदलाच्या पुढाकाराने, आणि त्याच वर्षी सेवेत आलेले ‘ग्लेशियर’ हे तिचे प्रमुख बर्फफोडे जहाज होते. पुढे एकाच कामासाठी दोन दलांनी जहाजे बाळगणे परवडेना. तेव्हा झालेल्या करारानुसार १९६५-६६ मध्ये नौदलाने आपली बर्फफोडी जहाजे तटरक्षक दलाच्या हवाली केली, आणि तेव्हापासून हे काम पूर्णतः त्याच दलाकडे आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग अंटार्क्टिक कराराविषयीचा आहे. १ डिसेंबर १९५९ रोजी सह्या झालेल्या आणि १९६१ पासून लागू असलेल्या या कराराचे पहिलेच कलम लष्करी तळ, युद्धसराव आणि शस्त्रांच्या चाचण्या यांना मज्जाव करते. परंतु तेच कलम पुढे असेही सांगते की वैज्ञानिक संशोधनासाठी किंवा अन्य कोणत्याही शांततामय हेतूसाठी लष्करी मनुष्यबळ आणि साधनसामग्री वापरण्यास आडकाठी नाही. ‘पोलर स्टार’ या दुसऱ्या वाक्याच्या आधाराने तेथे जाते. मोहिमेचे नाव आजही लष्करी थाटाचे असले, तरी मागून येणाऱ्या जहाजांत भरलेले असते ते इंधन, धान्य आणि यंत्रांचे सुटे भाग.

प्रश्न : जहाज बर्फ कापते म्हणजे नेमके काय करते? नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, पाते बसवलेले असते का?

पाते नसते, आणि ‘कापणे’ हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. बर्फफोड्या जहाजाची नाळ खालच्या बाजूस तिरपी आणि गोलसर घडवलेली असते. जहाज बर्फाला धडकते तेव्हा ही नाळ त्यात घुसत नाही, वर चढते. मग नाळेखालचा बर्फ जहाजाच्या वजनाने खाली दबतो, वाकतो आणि तुटतो. बर्फ दाबाला चांगला टिकतो, पण वाकवला की लवकर मोडतो, आणि सारी युक्ती या एका गुणधर्मावर उभी आहे. तुटलेले तुकडे जहाजाच्या बाजूने घासत मागे जातात किंवा कडेच्या बर्फाखाली सरकतात.

‘पोलर स्टार’ची लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी सुमारे २५ मीटर आणि पूर्ण भारासह वजन १३,००० टनांहून अधिक आहे. नाळेकडे व मागच्या बाजूस जहाजाच्या कवचाचे पोलाद सुमारे ४४ मिलिमीटर जाड आहे, तर मधल्या भागात ते ३२ मिलिमीटर आहे. मात्र खरे बळ या पत्र्यात नसून आतल्या दाट फासळ्यांत आहे. या फासळ्या एकमेकींपासून जेमतेम वीतभर-दोन वितींवर बसवलेल्या आहेत. सुमारे १.८ मीटर जाडीचा सलग बर्फ हे जहाज ताशी ३ सागरी मैलांच्या वेगाने न थांबता फोडत जाते. बर्फ त्याहून जाड असला की पद्धत बदलावी लागते. जहाज आपणच केलेल्या वाटेने मागे जाते, वेग घेते, धडक देऊन बर्फावर चढते, तो मोडला की पुन्हा मागे येते. या पद्धतीने ६.४ मीटरपर्यंत जाडीच्या बर्फाच्या राशी फोडता येतात. आत काम करणाऱ्यांना हे तास न् तास सोसावे लागते. पोलाद कण्हल्यासारखे वाजत राहते आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू थरथरत असते.

या धडकांना लागणारी ताकद दोन वेगवेगळ्या यंत्रणांतून येते, आणि या जहाजाचे मोठेपण व दुखणे दोन्ही तेथेच आहेत. नेहमीच्या प्रवासासाठी सहा डिझेल इंजिने असून त्यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी जहाजाला पाण्यात ढकलणारे तीन पंखे फिरवतात. या व्यवस्थेची एकूण शक्ती १८,००० अश्वशक्ती आहे. बर्फ जड झाला की तिन्ही पंख्यांना विमानाच्या इंजिनाच्या घराण्यातील गॅस टर्बाइन जोडता येतात, आणि मग शक्ती ७५,००० अश्वशक्तीपर्यंत चढते. अणुशक्तीवर न चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजांत इतके बळ क्वचितच सापडेल. टर्बाइन इंधन मात्र अक्षरशः पितात, म्हणून त्या चालवण्याचा निर्णय कप्तान सहजासहजी घेत नाही. पंख्यांच्या पात्यांचा कोन बदलून पुढे-मागे जाण्याची सोय जहाजात पहिल्यापासून होती. बर्फात सतत दिशा बदलायची असल्याने ती कागदावर आदर्श होती, पण बर्फाच्या ठोकरा खाणाऱ्या पंख्यात नाजूक यंत्रणा ठेवण्याची किंमत सुरुवातीच्या वर्षांत दुरुस्त्यांच्या रूपाने मोजावी लागली.

गोलसर तळाचा एक तोटा खुल्या समुद्रात कळतो. हेलकावे रोखण्यासाठी इतर जहाजांच्या तळाशी दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात, त्या येथे लावता येत नाहीत, कारण बर्फ त्या ओरबाडून नेईल. त्यामुळे दक्षिण महासागरातून जाताना बर्फापेक्षा लाटांनीच अधिक हैराण केल्याचे खलाशी सांगतात.

प्रश्न : उत्तर ध्रुवावर पोहोचलेले आणि कॅनडाशी वाद ओढवून घेतलेले जहाज हेच का?

नाही. ती दोन्ही प्रकरणे ‘पोलर सी’ या जुळ्या भावंडाची आहेत. १९८५ मध्ये ‘पोलर सी’ कॅनडाची परवानगी न मागता नॉर्थवेस्ट पॅसेज या कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधल्या जलमार्गातून गेले. कॅनडात मोठा गदारोळ झाला, आणि पुढे १९८८ मध्ये दोन्ही देशांत आर्क्टिक सहकार्याचा करार झाला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तेच जहाज कॅनडाच्या ‘लुई सेंट लॉरेंट’सह उत्तर ध्रुवावर पोहोचले. नावे आणि रूप इतके सारखे आहे की वृत्तपत्रांतही हा घोटाळा होतो.

प्रश्न : १९७६ चे जहाज २००६ मध्ये बंद करून पुन्हा २०१२ मध्ये सुरू केले, असे वाचले. चांगले चालत होते तर बंद का केले, आणि बंद केले तर पुन्हा का काढले?

या पत्रांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. ‘पोलर स्टार’चा इतिहास प्रवासांच्या यादीतून नीट कळत नाही, तो दुरुस्तीच्या नोंदींतून वाचावा लागतो, असे माझे मत आहे. मालवाहू जहाज समुद्रावरून जाते तेव्हा समुद्र त्याला फारशी इजा करत नाही. बर्फफोड्या जहाजाचे कामच स्वतःला आदळण्याचे असते, आणि प्रत्येक मोहिमेत त्याचे आयुष्य थोडे-थोडे झिजत जाते.

सिएटलमधील लॉकहीडच्या गोदीत बांधलेले हे जहाज जानेवारी १९७६ मध्ये सेवेत आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘विंड’ वर्गाची जहाजे तेव्हा थकली होती आणि त्यांची जागा या दोन जुळ्यांनी घ्यायची होती. त्यांचे अपेक्षित आयुष्य तीस वर्षांचे धरलेले होते. मुख्य काम ठरून गेले होते. वर्षाअखेरीस सिएटल सोडायचे, प्रशांत महासागर ओलांडून जानेवारीच्या सुमारास अंटार्क्टिकालगतच्या रॉस समुद्रात पोहोचायचे आणि अमेरिकेच्या मॅकमर्डो संशोधन केंद्रापर्यंतच्या गोठलेल्या आखातातून वाट काढायची. नुसती वाट काढून भागत नाही. तुटलेले तुकडे वाऱ्याने बाहेर वाहून गेले नाहीत तर तेथेच पुन्हा गोठतात, म्हणून त्याच वाटेने पुनःपुन्हा फिरावे लागते, आणि धक्क्याजवळ मोठ्या जहाजांना वळण्यापुरती मोकळी जागाही करून द्यावी लागते. मागून एक तेलवाहू आणि एक मालवाहू जहाज येते. दक्षिण ध्रुवावरील केंद्राचे बरेचसे इंधन व सामानही मॅकमर्डोहूनच पुढे जात असल्याने ही वाट न निघाल्यास दोन केंद्रे अडचणीत येतात. गमतीची गोष्ट अशी की मॅकमर्डोचा धक्का अनेक वर्षे बर्फाचाच बनवलेला असे. हिवाळ्यात समुद्राचे पाणी थरावर थर ओतून गोठवायचे, मध्ये पोलादी दोर घालायचे आणि वर खडी पसरायची. म्हणजे एका बाजूने बर्फ फोडत यायचे आणि दुसऱ्या बाजूने बर्फाच्याच धक्क्याला जहाज बांधायचे.

मार्च २००० मध्ये रॉस हिमस्तरापासून बी-१५ नावाचा हिमनग सुटला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर आणि लांबी तीनशे किलोमीटरच्या आसपास होती. त्याचे तुकडे रॉस बेटाच्या परिसरात अडकून बसले आणि त्यांनी प्रवाह व लाटा अडवल्या. एरवी उन्हाळ्यात सुटून वाहून जाणारा आखातातील बर्फ जागीच राहू लागला, आणि वर्षामागून वर्ष जुना, जाड व कडक होत गेला. एका जहाजाचे काम करण्यासाठी दोन्ही जुळ्यांना जावे लागू लागले. जी यंत्रे निवृत्तीच्या वयाला आली होती, त्यांच्यावर नेमका तेव्हाच आयुष्यातील सर्वांत जड बोजा पडला. २००५ च्या हंगामात ‘पोलर सी’ दुरुस्तीत असल्यामुळे ‘क्रासिन’ हे रशियन जहाज भाड्याने आणावे लागले. तेही १९७६ चेच होते, म्हणजे अगदी समवयस्क.

त्यातच पैशाची व्यवस्था बदलली. २००६ च्या आर्थिक वर्षापासून ध्रुवीय बर्फफोड्या जहाजांच्या खर्चाची रक्कम तटरक्षक दलाऐवजी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे देण्यात आली. अंटार्क्टिकातील केंद्रे चालवणारी संस्था हीच असल्याने ज्याला वाट हवी त्याने तिचे पैसे द्यावेत, हा विचार वरकरणी योग्यच दिसतो. प्रत्यक्षात जहाज एकाचे आणि तिजोरी दुसऱ्याकडे, अशी स्थिती झाली. प्रतिष्ठानला हवी होती दरवर्षी एक वाट. जुन्या जहाजाच्या पुनर्बांधणीचा भार उचलण्यापेक्षा परदेशी जहाज हंगामापुरते भाड्याने घेणे तिला स्वस्त पडत होते. ३० जून २००६ रोजी ‘पोलर स्टार’ सिएटलमध्ये बांधून ठेवण्यात आले आणि देखरेखीपुरते ३४ कर्मचारी ठेवले. मॅकमर्डोची वाट पुढे स्वीडनच्या ‘ओडेन’ने आणि नंतर रशियाच्या ‘व्लादिमीर इग्नात्युक’ने काढली.

भाड्याचा हा हिशेब टिकला नाही. २०१० मध्ये ‘पोलर सी’च्या सहापैकी पाच डिझेल इंजिनांत गंभीर बिघाड आढळला आणि ते जहाज कायमचे थांबले. अमेरिकेकडे त्यानंतर एकही चालते अवजड बर्फफोडे जहाज उरले नाही. ‘हीली’ हे मध्यम शक्तीचे जहाज होते, पण ते मुख्यतः आर्क्टिकमधील संशोधनासाठी. नवे जहाज बांधण्याचा निर्णय तोवर झालेला नव्हता. मग बांधून ठेवलेल्या ‘पोलर स्टार’वर सुमारे सहा कोटी डॉलर खर्च करून डिसेंबर २०१२ मध्ये ते सेवेत परत आणले गेले, आणि २०१३-१४ च्या हंगामात ते पुन्हा मॅकमर्डोला निघाले. ‘पोलर सी’ तेव्हापासून सुट्या भागांचे कोठार झाले आहे. एका भावंडाचे अवयव काढून दुसऱ्याला जगवायचे, असा हा प्रकार आहे.

प्रश्न : या जहाजाने कधी कोणाची सुटका केली आहे का?

केली आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘अंटार्क्टिक चीफटन’ ही २६ जणांची ऑस्ट्रेलियन मासेमारी नौका मॅकमर्डोपासून सुमारे ९०० मैलांवर बर्फात अडकली आणि तिच्या पंख्याची पाती मोडली. मॅकमर्डोचे काम आटोपत आलेले असताना ‘पोलर स्टार’ तिकडे वळले, बर्फातून वाट काढत पोहोचले आणि तिला ओढत मोकळ्या पाण्याकडे घेऊन आले. बर्फाच्या ताणाने ओढदोर तुटण्याचेही प्रसंग आले.

त्याआधीच्या वर्षी मात्र न पोहोचताच काम झाले होते. डिसेंबर २०१३ मध्ये ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज बर्फात अडकले, आणि त्याच्या मदतीला गेलेले चीनचे ‘श्वेलाँग’ हे बर्फफोडे जहाजही जानेवारी २०१४ मध्ये अडकले. ‘पोलर स्टार’ला तिकडे वळवले गेले, पण वारा फिरला, बर्फ सैल झाला आणि दोन्ही जहाजे आपापली सुटली.

प्रश्न : जहाज पुन्हा सुरू केल्यावर अपघात झाले, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि २०१९ चा एकच हंगाम पाहिला तरी पुरे. जाताना वाटेतच विजेच्या एका यंत्रणेतून धूर येऊन स्विचबोर्डमधील तारा खराब झाल्या. समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी करणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडले. मॅकमर्डोच्या आखातात बर्फ फोडत असतानाच जहाजभर वीज गेली, आणि सारी वीजयंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करण्यात नऊ तास गेले. मग ज्या दांड्याने पंखा फिरतो त्याच्या भोवतालच्या पाणीरोधक चकतीतून पाणी आत येऊ लागले.

त्या शेवटच्या बिघाडाकडे जरा जवळून पाहू. पंख्याचा दांडा जहाजाच्या पोटातून कवच भेदून बाहेर जातो. जेथून तो बाहेर पडतो तेथे पाणी अडवणारी गोल चकती असते, आणि ती निकामी झाली की समुद्र थेट आत येतो. ती आतून बदलता येते, पण बदलण्यासाठी ती काढावी लागते, आणि काढली की भोक उघडे पडते. एरवी अशी दुरुस्ती जहाज कोरड्या गोदीत चढवून करतात. येथे सर्वांत जवळची गोदी हजारो किलोमीटर दूर, समुद्रापार होती. म्हणून पाणबुडे गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यात जहाजाखाली उतरले आणि त्यांनी बाहेरून त्या दांड्याभोवती आवरण बसवले, तेव्हा कुठे आतल्या मंडळींना चकती दुरुस्त करता आली. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी नौदलाकडून उसनी घेतलेली दाबकोठी जहाजावर होती. अशाच प्रकारची गळती आदल्या वर्षीही झाली होती, तेव्हा ही तयारी अनुभवातून आलेली होती.

एवढे होऊनही त्यांनी साडेसोळा सागरी मैलांची वाट काढली, आणि मागून आलेल्या मालवाहू जहाजातून ५०० कंटेनर उतरवले गेले. परतीच्या वाटेवर १० फेब्रुवारीच्या रात्री मॅकमर्डोच्या उत्तरेस सुमारे ६५० मैलांवर कचरा जाळण्याच्या खोलीत आग लागली. पहिल्या प्रतिकाराच्या वेळी चार अग्निशामक नळकांडी चाललीच नाहीत. दोन तासांनी आग विझली आणि कोणालाही इजा झाली नाही. दुसरे कोणतेही जहाज मदतीला येण्याच्या टप्प्यात नसताना दोन तास आगीशी झुंजणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी. धोरण ठरवणाऱ्यांना अस्वस्थ करणारी बाबही हीच होती. हे जहाज इतरांच्या सुटकेला जाऊ शकते, परंतु तेच अडकले तर त्याला सोडवायला पाठवण्याजोगे दुसरे जहाज अमेरिकेकडे नव्हते.

प्रश्न : ते आर्क्टिकला जात नाही का?

सहसा नाही, कारण वर्ष पुरत नाही. मार्चच्या सुमारास परत यायचे, गोदीत चढायचे, आणि दुरुस्ती संपते तोवर पुढच्या मोहिमेची वेळ झालेली असते. अलीकडचा ठळक अपवाद २०२० चा आहे. कोविडमुळे अंटार्क्टिकातील कामे आटोपशीर ठेवून रसद विमानांनी पोहोचवली गेली, आणि मोकळे झालेले ‘पोलर स्टार’ डिसेंबरात उत्तरेकडे गेले. २५ डिसेंबर २०२० रोजी ते ७२ अंश ११ मिनिटे उत्तर अक्षांशावर होते. हिवाळ्यात इतक्या उत्तरेस त्यापूर्वी अमेरिकेचे कोणतेही पृष्ठभागावरील जहाज गेलेले नव्हते.

प्रश्न : इतका पैसा दुरुस्तीवर ओतण्यापेक्षा नवे जहाज का बांधत नाहीत?

बांधत आहेत, पण उशिरा ठरवले आणि उशिराच सुरू झाले. एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या नव्या जहाजाचे कंत्राट मिसिसिपी राज्यातील पास्कागूला येथील गोदीला सुमारे ७४ कोटी ६० लाख डॉलरना देण्यात आले, आणि जहाज २०२४ मध्ये मिळेल असे तेव्हा सांगितले गेले. ‘पोलर स्टार’ आणि ‘पोलर सी’ बांधल्यानंतर अमेरिकेत अवजड बर्फफोडी जहाजे बांधण्याचा सराव राहिलेला नव्हता. इतके जाड आणि विशिष्ट पोलाद वाकवणारे व जोडणारे हात नव्याने तयार करावे लागले, आणि आराखडाही लांबत गेला. २०२२ मध्ये गोदीचीच मालकी बदलली. पूर्ण बांधकामाला हिरवा कंदील २०२४ च्या अखेरीस मिळाला, आणि जहाज हाती येण्याची अपेक्षित तारीख २०३० पर्यंत मागे गेली. या विलंबाचे खापर केवळ गोदीवर फोडणे मला योग्य वाटत नाही. चाळीस वर्षे अशा अवजड जहाजाची एकही मागणी न नोंदवता कारागिरी मात्र शाबूत राहावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

दरम्यान ‘पोलर स्टार’चे आयुष्य वाढवण्यासाठी २०२१ पासून कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो येथील गोदीत पाच टप्प्यांत काम काढण्यात आले, ज्याचा अंदाजित खर्च साडेसात कोटी डॉलर होता. वाट दरवर्षी लागतेच, त्यामुळे जहाज एकदम दोन वर्षे बाजूला काढून दुरुस्त करणे शक्य नव्हते. दर उन्हाळ्यात थोडी यंत्रणा काढायची, नवी बसवायची आणि वर्षाअखेरीस पुन्हा दक्षिणेकडे निघायचे, असा क्रम लावावा लागला. गोदी मूळ बंदरात नसल्याने खलाशी मोहिमेवरून परतत ते घरी न जाता थेट दुरुस्तीच्या कामाला लागत. ‘स्टोरिस’ नावाचे आणखी एक जहाज, जे मूळचे खासगी तेल उद्योगासाठी बांधलेले होते, विकत घेऊन २०२५ मध्ये सेवेत आणले. मात्र ते मध्यम शक्तीचे आहे, त्यामुळे मॅकमर्डोच्या वाटेसाठी ‘पोलर स्टार’ची सुटका त्याने होणार नाही.